तापलेल्या ग्राफिक्स कार्डाची तहकिकात

खेळासाठी बांधलेला संगणक मध्येच अडखळू लागला, पडद्यावरील चित्रात नको ते रंगीत ठिपके उमटू लागले, अथवा पंख्यांचा घोंगाट एकाएकी वाढून पडदा काळा पडला, म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतला जाणता कारागीर जी तहकिकात सुरू करतो, तिचा एक शिरस्ता असतो. कॅबिनेटची बाजू उघडून ब्लोअरने धूळ उडवावयाची, पंखा बोटाने फिरवून त्याचे बेअरिंग अजमावयाचे, तापमानाचे आकडे वाचावयाचे, ड्रायव्हर बदलून पाहावयाचा, हीटसिंक उतरवून सुकलेली थर्मल पेस्ट पुसावयाची व नवी लावावयाची, पॅडची जाडी पाहावयाची, वीज आणणाऱ्या केबलचे तोंड तपासावयाचे, आणि एवढे करूनही गुण आला नाही तर चिपच्या पोटातील सोल्डरवर संशय घ्यावयाचा. हा क्रम कोणा एका आचार्याने सूत्ररूपाने सांगितलेला नाही, कोणत्या विद्यापीठात तो शिकविला जात नाही, आणि कार्डासोबत येणाऱ्या छापील पुस्तिकेत तर त्याचा जेमतेम उल्लेख असतो. तथापि तीस वर्षांचा इतिहास धुंडाळला असता असे ध्यानात येते की, यातील प्रत्येक पायरी ही कोणत्या ना कोणत्या सालाची, कोणत्या ना कोणत्या कार्डाची व बहुधा कारखानदाराच्या एखाद्या ठरावीक निर्णयाची साक्ष आहे. कारागीर ज्या ओघाने संशयितांची नावे घेतो, त्या ओघातच या यंत्राची बखर लिहिलेली आहे, असे माझे मत आहे, आणि ती बखर उलगडून पाहणे हाच या लेखाचा हेतू आहे.

तिचा आरंभ मात्र अशा काळापासून करावा लागतो, की ज्या काळी या विद्येची गरजच नव्हती. १९९६ साली कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील थ्रीडीएफएक्स या कंपनीची व्हूडू ग्राफिक्स ही चिपजोडी घेऊन जी कार्डे बाजारात आली, त्यांच्यावर पंखा तर नव्हताच, पण साधारणतः ॲल्युमिनियमचा साधा हीटसिंकही नव्हता. ५० मेगाहर्ट्झ वेगाच्या त्या उघड्या काळ्या चिपा आपली ऊब भोवतालच्या हवेला देऊन मोकळ्या होत, आणि ज्या तरुणांनी पुढल्याच वर्षी त्या कार्डांवर क्वेक हा खेळ त्रिमितीच्या नव्या झळाळीने खेळला, त्यांना आपण तापमान नावाच्या एका शत्रूच्या सरहद्दीवर उभे आहोत याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. त्या निश्चिंतीला शास्त्राचाही आधार होता. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ साली असे दाखवून दिले होते की, ट्रान्झिस्टर जसजसा लहान करावा तसतसे त्याला लागणारे विद्युद्दाबाचे मानही त्याच प्रमाणात उतरविता येते, आणि त्यामुळे सिलिकनच्या चौरस मिलिमीटरमागे उत्पन्न होणारी उष्णता जवळजवळ स्थिर राहते. या नियमाने उद्योगाला तीस वर्षे अभय दिले. परंतु ग्राफिक्स चिपांच्या कारखानदारांनी तो नियम कोसळण्याची वाट पाहिली नाही. दर हंगामात प्रतिस्पर्ध्यावर मात करण्याच्या ईर्षेने त्यांनी सिलिकनचा तुकडाही मोठा केला आणि वेगही वाढविला, आणि विद्युद्दाब आणखी उतरविला तर ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून वीज गळू लागते या कारणाने २००५-०६ च्या सुमारास डेनार्ड यांचा नियमच जेव्हा निकालात निघाला, तेव्हा ही कार्डे आधीच तापलेली होती.

पहिले लक्षण दिसले ते १९९८ साली. एनव्हिडिया या कंपनीची रिव्हा टीएनटी ही चिप मुळात योजलेल्या वेगापेक्षा कमी, म्हणजे ९० मेगाहर्ट्झ वेगाने विकावी लागली, आणि हीटसिंक ही वस्तू कार्डावर हळूहळू वहिवाटीची झाली. १९९९ च्या ऑक्टोबरात सुमारे २ कोटी ३० लक्ष ट्रान्झिस्टरांची जीफोर्स २५६ आली, तेव्हा हीटसिंकाच्या माथ्यावर लहानसा पंखाही बसला होता. हा पंखा म्हणजे ग्राफिक्स कार्डातील पहिला हलता भाग होय, आणि यंत्रात जे हलते ते झिजते, या न्यायाने बिघाडाच्या इतिहासाचा प्रारंभ येथूनच धरला पाहिजे. ते पंखे तळहातात मावतील एवढेच असत. त्यांतील स्वस्त जातीच्या बेअरिंगमधील तेल उष्णतेने वर्षा-दोन वर्षांत आटे, पंखा प्रथम किरकिरू लागे, मग सुरू होताना अडे आणि अखेरीस थांबे. पाठीवरचे चिकटपत्र सोलून त्याखालच्या छिद्रात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडण्याची युक्ती आमच्याकडील कारागिरांच्या हाती होतीच, कारण रेडिओ, टेपरेकॉर्डर व टेबलपंखे दुरुस्त करीत आलेल्या पेठांना तिची ओळख नव्याने करून द्यावी लागत नव्हती. धुळीचा प्रश्नही पंख्याबरोबरच आला. पंखा हवा आणतो तशी धूळही आणतो, आणि हीटसिंकाच्या दाट पात्यांच्या मुखाशी ती नमद्यासारखी दाट बसली की पंखा कितीही जोराने फिरला तरी हवा आत शिरत नाही. म्हणून ब्लोअर व बोटाने पंखा फिरवून पाहणे या दोन पायऱ्या आजही तहकिकातीच्या आरंभीच ठेवलेल्या आहेत.

पंख्यामागोमाग वीज आली. २००० सालच्या व्हूडू ५ ५५०० या कार्डावर दोन चिपा, दोन पंखे आणि एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या पेटीतून, थेट वीज घेण्यासाठी वेगळे तोंड होते, कारण मदरबोर्डाच्या खाचेतून मिळणारी वीज आता त्याला पुरेनाशी झाली होती. त्याच मालिकेतील चार चिपांच्या व्हूडू ५ ६००० साठी तर कॅबिनेटच्या बाहेर ठेवण्याचा स्वतंत्र वीजपुरवठा योजिला होता. ते कार्ड रीतसर विक्रीला यावयाच्या आतच, त्या वर्षाच्या डिसेंबरात, थ्रीडीएफएक्सने आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकून टाकण्याचे जाहीर केले. पुढे पीसीआय एक्सप्रेस या मानकाने खाचेला ७५ वॅटची मर्यादा घालून दिली, सहा पिनांच्या केबलला आणखी ७५ व आठ पिनांच्या केबलला १५० वॅटची मुभा दिली, आणि यापुढे एखाद्या कार्डाला किती केबली लागतात हे पाहून ते किती तापेल याचा अंदाज बांधता येऊ लागला.

या इतिहासातील ज्या कार्डाजवळ थोडे थांबावे असे मला वाटते, ते २००३ च्या आरंभी आलेले जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा होय. २००२ च्या ऑगस्टात एटीआय या कॅनडातील कंपनीने रेडिऑन ९७०० प्रो हे कार्ड आणून एनव्हिडियाला मागे टाकले होते. एटीआयने जुनी, रुळलेली १५० नॅनोमीटरची घडण पत्करून स्मृतीशी जोडणारा मार्ग दुप्पट रुंद, म्हणजे २५६ बिटांचा केला. एनव्हिडियाने मात्र १३० नॅनोमीटरच्या नव्या घडणीवर भिस्त ठेवली, ती घडण वेळेवर साधली नाही, आणि १२८ बिटांच्या अरुंद मार्गाने जी उणीव राहिली होती ती भरून काढण्यासाठी चिपचा वेग ५०० मेगाहर्ट्झपर्यंत चढविण्याखेरीज गत्यंतर उरले नाही. वेगाबरोबर उष्णता चढली, आणि ती उतरविण्यासाठी कार्डावर तांब्याचा असा एक संभार बसविण्यात आला, की ज्याने शेजारची खाचही अडविली; तो बाहेरची हवा आत ओढून, चिपेवरून फिरवून, पुन्हा कॅबिनेटच्या बाहेर फेकीत असे, आणि भर वेगात असताना त्याचा जो आवाज होई तो ऐकून समीक्षक व ग्राहक दोघेही अवाक् झाले. कंपनीच्याच लोकांनी या आवाजाची थट्टा करणारी एक चित्रफीत बनविली, तीत हे कार्ड पाने उडविण्याच्या यंत्राच्या जागी वापरलेले दाखविले आहे. कार्ड फार थोडे विकले गेले, आणि मे महिन्यात त्याचा वारस बाजारात आला.

येथवरची कथा बहुश्रुत आहे. परंतु या कार्डाचा निकाल लावताना लोकांनी त्याच्या गुणाकडे पाहिले नाही असे मला वाटते. दोन खाचा अडविणारे कार्ड ही त्या वर्षी टिंगलीची गोष्ट ठरली, आणि आज तीन खाचांचे कार्डही कोणास नवलाचे वाटत नाही. तापलेली हवा कॅबिनेटमध्येच न सोडता बाहेर घालविण्याचे तत्त्वही निर्दोष होते, आणि पुढे ते दशकाहून अधिक काळ असंख्य कार्डांत टिकले. या कार्डापासून तहकिकात करणाऱ्याला एक नवा प्रश्न विचारणे भाग पडले, आणि तो असा की, कार्डाने टाकलेली उष्णता नेमकी जाते कोठे? पुढील पंखा हवा आत घेतो काय, मागचा ती बाहेर टाकतो काय, मध्ये केबलींचे जंजाळ तिला अडविते काय, कॅबिनेट भिंतीला वा लाकडी मेजाच्या कप्प्याला चिकटून ठेविले आहे काय, या चौकशीला यापुढे कार्डाच्या चौकशीइतकेच महत्त्व आले.

याच सुमारास हीटपाइप ही वस्तू कार्डांवर रूढ होऊ लागली. जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांनी १९४० च्या दशकात जिचे पेटंट घेतले होते आणि अमेरिकेतील लॉस ॲलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली जी स्वतंत्रपणे सिद्ध केली, ती ही तांब्याची बंद नळी. तिच्या पोटात थोडेसे पाणी असते, तप्त टोकाशी त्याची वाफ होते, थंड टोकाशी ती पुन्हा पाणी होते, आणि नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून ते पाणी केशाकर्षणाने परत तप्त टोकाकडे येते. हिच्यात हलणारा भाग नाही, तेल नाही, आवाज नाही. म्हणून पुष्कळ वर्षे तिच्यावर कोणी संशयच घेतला नाही. पुढे तिच्याच जातीच्या एका वस्तूवर तो घेण्याचा प्रसंग आला, तो मी यथास्थळी सांगेन.

तापमान मोजण्याचे साधन येईपर्यंत निदान हे बोटाच्या स्पर्शावर व कानावर चाले. चिपमध्येच तापमान सांगणारा डायोड बसू लागल्यावर, आणि अलेक्सी निकोलाइचुक या रशियन प्रोग्रामकाराच्या रिवाट्यूनरसारख्या साधनांनी तो आकडा सामान्य माणसाच्या पडद्यावर आणून ठेवल्यावर, या विद्येचे स्वरूपच पालटले. पूर्वी ‘फार तापते’ एवढीच तक्रार असे. आता खेळ सुरू केल्यावर आकडा किती मिनिटांत कोठवर चढला, पंखा तेव्हा किती फेऱ्यांनी फिरत होता, खेळ थांबविल्यावर तो किती झपाट्याने उतरला, याची नोंद करता येऊ लागली, आणि त्या नोंदीतूनच दोष ओळखण्याची रीत निघाली. आकडा क्षणार्धात उसळून वर गेला तर चिप व हीटसिंक यांचा संपर्क तुटला आहे, म्हणजे पेस्ट सुकली आहे किंवा स्क्रू ढिले आहेत. तो सावकाश पण न थांबता चढत गेला तर हवा कोंडली आहे. पेस्टचे महत्त्वही या आकड्यांनीच लोकांच्या गळी उतरविले. दोन धातुपृष्ठे डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसली तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म पोकळ्या असतात व त्यांत हवा असते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० एककांची आणि हवेची ०.०३ एककाहूनही कमी, त्यामुळे काही एककांची मामुली पेस्टसुद्धा त्या पोकळ्या भरून मोठे काम करते, आणि ती सुकून भेगाळली की तेथे पुन्हा हवा शिरते.

आता मी या बखरीच्या सर्वांत दुःखद प्रकरणाकडे येतो. २००५ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० हे खेळयंत्र विक्रीस आणले. ते संगणक म्हणून विकले जात नसले तरी त्याच्या पोटात एटीआयची ग्राफिक्स चिप होती आणि तिच्यावरचा हीटसिंक वरच्या डिस्कड्राइव्हला जागा द्यावी लागल्यामुळे बेताच्या उंचीचा होता. थोड्याच काळात ही यंत्रे तीन तांबडे दिवे दाखवून मरू लागली, आणि २००७ च्या जुलैत कंपनीने हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवून त्यासाठी १ अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तजवीज केली. बरोबर एका वर्षाने, २ जुलै २००८ रोजी, एनव्हिडियाने जाहीर केले की, लॅपटॉपमधील आपल्या काही चिपांच्या घडणीतील साहित्य दुर्बल निघाले असून त्याच्या भरपाईसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूस काढावे लागत आहेत. डेल व एचपी यांनी हमी वाढविली, ॲपलने आपल्या लॅपटॉपांची दुरुस्ती विनामूल्य करून दिली.

बिघाडाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सिलिकनचा तुकडा ज्या तळपट्टीवर बसविलेला असतो, ती तळपट्टी उष्णतेने सिलिकनच्या पाचसहा पट प्रसरण पावते, आणि या दोहोंना जोडणारे सोल्डरचे अतिसूक्ष्म उंचवटे दोघांच्या ओढाताणीत सापडतात. ती ओढाताण वाटून घ्यावी म्हणून मध्ये राळेसारखे द्रव्य भरलेले असते. परंतु ते द्रव्यच जर चिपच्या नित्याच्या तापमानाला मऊ पडत असेल, तर सारा भार उंचवट्यांवर येतो, आणि यंत्र दररोज तापून दररोज निवता निवता त्यांना एके दिवशी तडा जातो. म्हणजे येथे अपराधी केवळ उष्णता नव्हे, तर उष्णतेची भरती-ओहोटी होय. एक्सबॉक्सच्या इतिहासावर मायक्रोसॉफ्टने २०२१ साली जो माहितीपट काढला, त्यात तिच्या अभियंत्यांनीही चिपच्या आतील जोडण्या अशाच ताप-निववणीने तुटत होत्या असे सांगितले आहे.

हे कारण पुढे स्पष्ट झाले खरे, परंतु तत्पूर्वीच लोकांनी आपली चिकित्सा शोधून काढली होती. कोणी एक्सबॉक्सला टॉवेलांत गुंडाळून जाणूनबुजून तापवीत, तर कोणी मेलेले ग्राफिक्स कार्ड उघडे करून स्वयंपाकघरातील ओव्हनमध्ये सुमारे २०० अंशांवर काही मिनिटे ठेवीत. आणि आश्चर्य असे की, यांतील कित्येक यंत्रे खरोखर पुन्हा जिवंत होत. लोकांचा समज असा झाला की, चिपखालचे सोल्डर वितळून पुन्हा जुळले, आणि दोष सगळा युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून सोल्डरमधील शिशावर घातलेल्या बंदीच्या माथी मारण्यात आला. परंतु कथील व शिसे यांचे जुने सोल्डर १८३ अंशांना वितळते तर शिसेरहित नवे सोल्डर सुमारे २१७ अंशांना, आणि तेवढे तापमान त्या ओव्हनमध्ये नव्हतेच. म्हणून जे घडत होते ते वितळणे नव्हते, तर तडा गेलेल्या उंचवट्यांची तोंडे उष्णतेने तात्पुरती पुन्हा टेकणे होते, आणि काही आठवड्यांनी ती पुन्हा विलग होत. रिबॉलिंग नावाचा जो धंदा याच काळात जोरात चालला, त्याबद्दलही मला हेच म्हणावेसे वाटते. चिप उपटून तिच्याखालचे सोल्डरचे सारे गोळे काढून नवे बसविण्याचे ते काम हाताच्या अपार कौशल्याचे आहे व त्या कौशल्याविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु दोष जेथे चिपच्या आतील उंचवट्यांत होता तेथे बाहेरचे गोळे बदलून कायमचा गुण येणे शक्य नव्हते, आणि ज्या ग्राहकांनी त्यासाठी पैसे मोजले त्यांना हे कोणी समजावून सांगितले नाही, याची खंत वाटते. खाद्यपदार्थांच्या भट्टीत प्लॅस्टिकची वाफ भरणारा तो उपाय तर कोणीही पुन्हा करू नये.

या प्रकरणाने कारागिराला शिकविले की, काही दोष हातांच्या पलीकडचे असतात. २०१० सालाने त्याला दुसरे टोक दाखविले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये एनव्हिडियाला १९६.७५ क्रमांकाचा ड्रायव्हर परत घ्यावा लागला, कारण त्याने काही कार्डांच्या पंख्यांचा वेग नीट राखला जात नसे; यंत्र निर्दोष, पंखा निर्दोष, पेस्ट ताजी, आणि तरीही कार्ड तापून निकामी! त्याच महिन्यात २५० वॅटचे व १०५ अंशांपर्यंत तापण्याची मुभा असलेले जीटीएक्स ४८० जाहीर झाले. आणि जुलैत स्टारक्राफ्ट २ हा खेळ आला, त्याचे स्थिर दिसणारे मेनूपृष्ठ कार्डाला सर्वाधिक राबवीत असे, कारण त्या पृष्ठावर दर सेकंदाला किती चित्रे काढावीत याला मर्यादाच घातलेली नव्हती, आणि काढण्यास सोपी असल्यामुळे कार्ड ती शेकड्यांनी काढीत बसे. तो खेळ बनविणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने खेळाच्या फाइलीत दोन ओळी लिहून ही मर्यादा घालण्याचा उपाय प्रसृत केला. तेव्हापासून एफपीएसला, म्हणजे दर सेकंदाच्या चित्रसंख्येला, आळा घालून पाहणे ही चाचणी कारागिरांच्या यादीत आली, आणि ती बिनखर्चाची असल्यामुळे ती स्क्रूड्रायव्हर हाती घेण्याच्या आधी करावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

दरम्यान कार्डांनी स्वतःचे रक्षण करण्याची विद्या आत्मसात केली. २०१२ च्या जीटीएक्स ६८० पासून वेग हा एक ठरावीक आकडा न राहता तापमान व वीज पाहून क्षणोक्षणी चढू-उतरू लागला. २०१३ च्या ऑक्टोबरात आलेले, एनव्हिडियाची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी हिचे आर९ २९०एक्स हे तर ९५ अंशांवरच चालावे अशा हिशेबाने घडविलेले होते: पंख्याने शांत राहावे, चिपने ९५ गाठावे, आणि त्यापुढे वेगाने माघार घ्यावी. त्यामुळे कार्डे जळून जाण्याचे प्रमाण निश्चितच घटले. परंतु निदान अवघड झाले. पूर्वीचे कार्ड तापले की ठिपके दाखवी, संगणक बंद पाडी, तक्रार करण्यास भाग पाडी. नवे कार्ड मुकाट्याने आपला वेग कमी करून घेते, आणि आपण ज्याचे पैसे मोजले त्यापेक्षा पंधरा टक्के कमी आपणास मिळत आहे, हे मालकाला वर्षानुवर्षे कळत नाही. यास्तव जाणता कारागीर आता केवळ अंश पाहून समाधान मानीत नाही. तो अंशांच्या शेजारी मेगाहर्ट्झ पाहतो, आणि तापमान स्थिर असून वेग ढळत असेल तर तेथेच दोष धरतो.

आपल्या प्रदेशाचा संबंध येथे येतो. हीटसिंक भोवतालच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. कार्ड तापते ते खोलीच्या तापमानाच्या वर अमुक इतके अंश, या हिशेबाने तापते. विलायती समीक्षक २२-२४ अंशांच्या खोलीत बसून एखाद्या कार्डाचे तापमान ७४ अंश नोंदवितो, म्हणजे ते हवेहून ५० अंश वर गेले; तेच कार्ड वैशाखातल्या नागपुरात वा चंद्रपुरात, बाहेर ४५ अंशांचे ऊन असताना ३९-४० अंशांच्या खोलीत चालले, तर त्याच न्यायाने ते ९० च्या घरात जाणार, आणि त्यात त्याचा काहीच दोष नाही. ग्राहकाने परदेशी आकडा प्रमाण मानून दुकानदाराशी तंटा करावा, दुकानदाराने पेस्ट बदलून द्यावी, आणि दिवाळीच्या सुमारास दुखणे आपोआप बरे व्हावे, असे घडत असेल तर त्यात नवल नाही. खोलीचे तापमान तक्रारीच्या पहिल्या ओळीतच नोंदविण्याचा दंडक आपल्याकडे पडेल तर पुष्कळ कार्डांची अकारण चिरफाड वाचेल.

२०२० नंतरच्या घटना मी थोडक्यात सांगतो. त्या वर्षी आलेल्या आरटीएक्स ३०९० या कार्डाच्या पाठीमागील बाजूसही स्मृतीच्या चिपा होत्या. मुख्य चिप ७० अंशांवर सुखाने असताना त्या ११० अंशांना टेकत, आणि ही गोष्ट लोकांना कळली ती २०२१ साली एचडब्ल्यूइन्फो या साधनाने तो आकडा वाचून दाखविल्यावर. इथेरियम नावाच्या चलनाच्या खाणकामात हीच स्मृती रात्रंदिवस राबे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी ते खाणकाम बंद पडल्यावर जुनी कार्डे जगभर विकावयास निघाली, आणि ती घेणाऱ्यांनी प्रथम स्मृतीच्या चिपा व हीटसिंक यांच्यामधील थर्मल पॅड बदलावयास घेतले. येथे एक धोका आहे: पॅड अर्ध्या मिलिमीटरनेही जाड पडला तर तो हीटसिंकाला उचलून धरतो, मग स्मृती थंड होते पण मुख्य चिप अधांतरी राहून तापते, म्हणून जुन्या पॅडची जाडी मोजल्यावाचून नवा कापू नये.

२०२२ च्या डिसेंबरात एएमडीचे आरएक्स ७९०० एक्सटीएक्स आले, आणि काही मालकांना त्याचा सर्वाधिक तप्त बिंदू ११० अंशांवर गेलेला दिसला. डेरबाउअर या नावाने प्रसिद्ध असलेल्या जर्मन परीक्षकाने त्या कार्डांवर जी परीक्षा केली, ती मी या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर निदान मानतो, कारण तिचा गाभा केवळ कार्डाची बैठक बदलून पाहणे एवढाच होता. संगणक असा ठेवला की कार्ड आडवे, तसा ठेवला की उभे. बैठक बदलताच तापमान बदलले, आणि पंखा, पेस्ट वा हवा यांपैकी कोणालाही वर-खाली या भेदाने एवढा फरक पडत नाही, यावरून संशय एकट्या बाष्पकक्षावर, म्हणजे हीटपाइपच्याच पसरट भावंडावर येऊन ठेपला. पुढील महिन्यात एएमडीने मान्य केले की, काही कक्षांत पाणीच पुरेसे भरले गेले नव्हते. जिच्यावर कोणी कधी संशय घेतला नव्हता, तीही वस्तू अशा रीतीने संशयितांच्या यादीत दाखल झाली.

त्या यादीतील शेवटचे नाव विजेच्या तोंडाचे आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात आलेल्या ४५० वॅटच्या आरटीएक्स ४०९० ला एकाच लहानशा सोळा पिनांच्या तोंडातून वीज पोचविण्यात आली, आणि १२ व्होल्टांवर ४५० वॅट म्हणजे जवळजवळ ३८ अँपिअर प्रवाह त्यातून वाहू लागला. काही तोंडे वितळली; एनव्हिडियाने त्यानंतरच्या महिन्यात सुमारे ५० प्रकरणे आपल्या ध्यानी आली असून ती तोंडे पुरती आत बसविलेली नव्हती असे म्हटले, आणि सुधारलेल्या रचनेत संवेदनाच्या पिना आखूड करण्यात आल्या, जेणेकरून अर्धवट बसलेल्या तोंडातून वीज सुटूच नये. तरीही २०२५ च्या आरंभी ५७५ वॅटच्या आरटीएक्स ५०९० बाबत पुन्हा तशीच वृत्ते आली, आणि त्याच डेरबाउअर यांनी मोजून दाखविले की, सहा तारांतून समान वाटला जावयाचा प्रवाह प्रत्यक्षात एकाच तारेतून २० अँपिअरहून अधिक जात होता व केबलचे एसएमपीएसकडील टोक भाजत होते. कार्डावरील तापमानाचा आकडा त्या वेळी अगदी निर्मळ असतो, कारण तेथे तो मोजणारा डायोडच नाही. यामुळे अशा कार्डाच्या तहकिकातीत जाणते लोक आता सॉफ्टवेअरवर विसंबत नाहीत. खेळ चालू ठेवून, केबलची प्रत्येक तार वेगळी करून, तिच्याभोवती क्लॅम्प मीटरचा जबडा लावतात व सहाही आकडे कागदावर उतरवून घेतात.